नाव सांगणारी खेळणी : दारव्ह्याच्या एका दुकानाविषयी

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे मुलांनी लाकडी बैल मिरवण्याच्या सणाच्या, चार दिवस आधी शाळेतल्या मुलांसाठी लाकडी नंदी घ्यायला मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला गेलो आणि ज्या दुकानात शिरलो, त्या दुकानाविषयी हे लिहितो आहे. दुकान बसस्थानकापासून चालत दहा मिनिटांवर, बाजाराच्या आतल्या गल्लीत आहे. पुढच्या भागात वह्या, कंपासपेट्या आणि हंगामाप्रमाणे राख्या किंवा पणत्या असतात, आणि मागच्या खोलीत खेळणी असतात. बाहेरून ते तालुक्याच्या गावातल्या कोणत्याही जनरल स्टोअर्ससारखे दिसते. मागच्या खोलीत मात्र प्रत्येक खेळण्याच्या फळीखाली पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर निळ्या शाईने आणि वळणदार अक्षरात लिहिलेली एक पाटी चिकटवलेली आहे. ते खेळणे कोणी, कोणत्या गावात, कोणत्या साली आणि काय करता करता शोधून काढले, हे तिच्यावर पाच-सहा ओळींत सांगितलेले असते. किंमत त्याच पाटीच्या खालच्या कोपऱ्यात असते.

मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवतो. गेल्या वर्षभरात या दुकानातून शाळेसाठी आणि घरासाठी नऊ खेळणी विकत घेतली, चार भाड्याने आणली आणि एकदा अकरा मुलांना घेऊन तिथे दोन तास घालवले. त्यामुळे हा अभिप्राय एका धावत्या भेटीवरून दिलेला नाही.

सुरुवात स्लिंकीपासून करतो, कारण मुलांनी सर्वांत आधी तिच्यावरच हात ठेवला. आपल्याकडे तिला नुसते 'स्प्रिंग' म्हणतात. पाटीवर लिहिले आहे की १९४३ साली फिलाडेल्फियात रिचर्ड जेम्स नावाचा अभियंता, खवळलेल्या समुद्रात जहाजावरची नाजूक उपकरणे हादरू नयेत म्हणून स्प्रिंगा तयार करत होता, तेव्हा एक स्प्रिंग फळीवरून खाली घसरली आणि पडून राहण्याऐवजी पावले टाकत गेल्यासारखी पुढे गेली. योग्य पोलाद आणि योग्य ताण सापडेपर्यंत त्याची दोन वर्षे गेली. नाव त्याची पत्नी बेटी हिने शब्दकोशातून शोधून काढले. नोव्हेंबर १९४५ मध्ये गिंबल्स या मोठ्या दुकानात उतरत्या फळीवर खेळणे चालवून दाखवले, तेव्हा दीड तासात चारशे स्प्रिंगा विकल्या गेल्या. मूळच्या एका स्प्रिंगेला सुमारे ऐंशी फूट तार लागत असे. पाटी इथे थांबत नाही, आणि मला तिचा हाच गुण सर्वांत मोलाचा वाटला. १९६० साली रिचर्ड जेम्स घर आणि कारखाना सोडून एका धर्मपंथाच्या मागे बोलिव्हियाला निघून गेला, आणि सहा मुले पदरात असलेल्या बेटीने कर्जात बुडालेला तो कारखाना हॉलिडेजबर्ग या गावी नेऊन पुन्हा उभा केला, हेही त्यावर लिहिलेले आहे. शोध लावणाऱ्याची गोष्ट सगळेच सांगतात. ते खेळणे पुढे जगवणाऱ्या बाईची गोष्ट पाटीवर लिहावीशी वाटणे ही साधी बाब नाही.

दुकानात या स्प्रिंगेचे दोन प्रकार आहेत. साठ रुपयांची रंगीत प्लॅस्टिकची आणि एकशे ऐंशीची पोलादी. प्लॅस्टिकची घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो. ती हलकी असल्यामुळे पायरीवर अडते, आणि तिसऱ्या दिवशी तिचा असा गुंता होतो की तो सुटत नाही. पोलादी स्प्रिंग आम्ही शाळेच्या ओट्याच्या पायऱ्यांवर ठेवली. आमच्या पायऱ्या रुंद आहेत, म्हणून पहिल्या चार वेळा ती मध्येच थांबली. मग मुलांनी वाचनपेटीतली पुस्तके एकावर एक रचून अरुंद पायऱ्या केल्या, आणि स्प्रिंग वरून खालपर्यंत पाच पायऱ्या उतरून आली. "सर, हे तं आपोआपच उतरून राह्यलं!" असे तिसरीतला एक मुलगा ओरडला, तेव्हा सगळी शाळा बाहेर आली.

त्यानंतर मी बाकावर उभा राहून स्प्रिंगेचे वरचे टोक धरले, ती स्वतःच्या वजनाने पूर्ण लांबू दिली, हलायची थांबू दिली आणि हात सोडला. वरचे वेटोळे खाली येत राहिले. खालचे टोक मात्र वरचा भाग येऊन त्यावर आदळेपर्यंत हवेत जागच्या जागी स्थिर राहिले. लटकलेल्या स्थितीत खालच्या वेटोळ्याचे वजन स्प्रिंगेच्या ताणाने वर तोललेले असते, आणि वरचे टोक सुटले आहे याचा परिणाम वेटोळ्या-वेटोळ्यातून खालपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो. तोवर खालच्या टोकाच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. मी हे त्या दिवशी बारा वेळा करून दाखवले. पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही चित्रासाठी मुले इतका वेळ शांत बसलेली मला आठवत नाहीत.

दुसरी फळी लाकडी दांड्या आणि भोके पाडलेल्या चकत्यांच्या खेळाची आहे. अमेरिकेत हा खेळ टिंकरटॉय या नावाने १९१४ पासून प्रसिद्ध आहे आणि तो इलिनॉय राज्यातल्या इव्हॅन्स्टन गावच्या चार्ल्स पाजो या दगडकाम करणाऱ्या माणसाने काढला. मुले पेन्सिली, काड्या आणि दोऱ्याची रिकामी रिळे घेऊन तासन्‌तास काहीतरी उभारत बसतात, हे त्याने पाहिले होते. त्याच्या लाकडी चकतीला मध्ये एक आणि कडेने आठ भोके असत, आणि त्यांत दांड्या खोचल्या की पूल, पवनचक्की, गाडी असे हवे ते उभे राहत असे. ही पाटी मी वाचून दाखवली, तेव्हा चौथीतली एक मुलगी म्हणाली की आमचा आबा धांड्याची बंडी (ज्वारीच्या ताटाची बैलगाडी) करतो, ती अशीच असते.

तिचे बरोबर होते. ज्वारीच्या धांड्याचे साल सोलून त्याच्या बारीक कामट्या करायच्या, आतल्या मऊ गराचे बोटभर तुकडे कापायचे, कामट्या त्या गरात खोचून चौकट बांधायची, धांड्याच्याच गोल चकत्यांची चाके लावायची आणि पुढे जू लावून दोन बैल जोडायचे, हे काम आमच्या भागातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येक माणसाने लहानपणी केलेले आहे. खिळा नाही, डिंक नाही आणि पैसाही नाही. आता शिवारात जिकडे पाहावे तिकडे पऱ्हाटी (कपाशी) आणि सोयाबीन आहे. ज्वारी कमी झाली, तसा धांडाही दुर्मीळ झाला, आणि बंडी करता येणारी मुले गावात दोन-तीनच उरली. शिकागोजवळच्या त्या दगडकाम करणाऱ्या माणसाने जे पाहिले, तेच पाहणारी माणसे आपल्याही प्रत्येक गावात होती. फरक इतकाच की त्याने ते मोजमापात बसवले, त्याचे पेटंट घेतले आणि ते डब्यात घालून विकले. माझ्या मते मुलांनी हे दोन्ही एकत्र पाहावे यासाठी हे दुकान फार उपयोगी आहे. आपण हाताने करतो त्या वस्तूला जगात नाव आणि मान मिळू शकतो, हे मी तोंडाने सांगून त्यांना पटले नसते.

याच खोलीच्या कोपऱ्यात एक साधी काठी भिंतीला टेकवून ठेवलेली आहे, आणि तिलाही पाटी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात खेळांचे एक मोठे संग्रहालय आहे आणि तिथे मान्यवर खेळण्यांचे एक दालन आहे. त्या दालनात २००५ साली पुठ्ठ्याच्या खोक्याला आणि २००८ साली काठीला स्थान मिळाले, अशी तिच्यावर नोंद आहे. किंमतीचा कोपरा कोरा ठेवलेला आहे.

आता या दुकानातल्या एका चुकीविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ती चूक जगभर झालेली आहे. ज्याला आपण लहानपणापासून 'व्यापार' म्हणतो, मुंबई-दिल्ली-कोलकाता विकत घेऊन भाडे वसूल करण्याचा तो खेळ, अमेरिकेतल्या मोनोपॉली या खेळावरून आलेला आहे. दुकानातल्या पाटीवर लिहिले होते की चार्ल्स डॅरो या बेरोजगार माणसाने मंदीच्या काळात हा खेळ शोधला आणि १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीला विकून तो श्रीमंत झाला. कंपनीने अनेक वर्षे हीच गोष्ट सांगितली. प्रत्यक्षात हा खेळ लिझी मॅगी या स्त्रीने त्याच्या तीस वर्षे आधी तयार केला होता आणि ५ जानेवारी १९०४ रोजी तिला त्याचे पेटंट मिळाले होते. खेळाचे नाव होते 'जमीनदाराचा खेळ'. हेन्री जॉर्ज या अर्थविचारवंताचे म्हणणे तिला पटले होते: जमीन कोणी निर्माण केलेली नाही, म्हणून तिच्या नुसत्या मालकीतून मिळणारे उत्पन्न कररूपाने समाजाकडे परत यावे. हा विचार लोकांना पटावरून समजावा म्हणून तिने हा खेळ काढला आणि तो दोन प्रकारच्या नियमांनी खेळता येईल असा केला. एका प्रकारात एक माणूस सगळे गिळून बसतो आणि बाकीचे कंगाल होतात. दुसऱ्या प्रकारात जमिनीचे भाडे मालकाच्या खिशात न जाता सार्वजनिक तिजोरीत जाते. हा खेळ हाताने रंगवलेल्या पटांवर मित्रमंडळींतून पसरत गेला, अटलांटिक सिटीतल्या खेळाडूंनी त्यावर आपल्या गावातल्या रस्त्यांची नावे घातली, आणि ओळखीच्यांकडून शिकलेला तोच खेळ डॅरोने आपला म्हणून विकला. पुढे पार्कर ब्रदर्सने मॅगीचे पेटंट पाचशे डॉलरना घेतले, आणि विक्रीतला कोणताही वाटा तिला मिळाला नाही. १९७० च्या दशकात राल्फ अन्स्पाक या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने कंपनीशी न्यायालयात लढताना हा सगळा इतिहास उजेडात आणला.

आम्ही शाळेत दोन्ही प्रकारांनी खेळून पाहिले. नेहमीच्या नियमांनी खेळताना पाऊण तासात एका मुलीकडे सोळा जागा आल्या, आणि उरलेले चौघे नुसते फासे टाकून तिला पैसे देत राहिले. त्यांतला एक उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी भाडे मधल्या डब्यात टाकायचे आणि डबा भरला की सगळ्यांनी सारखे वाटून घ्यायचे, असा सोपा केलेला नियम लावला. त्या दिवशी सुट्टीची घंटा होईपर्यंत पाचही जण पटाभोवती बसून होते. आमच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत मालगुजारीच्या, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या, आठवणी सांगणारी घरे आहेत, आणि ठोक्याने, म्हणजे ठरलेली रक्कम देऊन दुसऱ्याचे शेत करणाऱ्या माणसांची मुले माझ्या वर्गातच आहेत. त्यांना 'भाडे' म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

दुकान सांभाळणाऱ्या ताईंना मी हे सांगितले. पाट्या त्याच लिहितात. बारावीनंतर शिक्षण थांबले, पण वाचायची आवड राहिली, आणि माल येतो त्या खोक्यावरचे नाव पाहून ग्रंथालयात आणि मोबाइलवर शोधत बसायची सवय लागली, असे त्यांनी सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. "सर, दुरुस्ती तुम्ही कागदावर लिहून द्या, मी पाटी बदलते," एवढेच म्हणाल्या.

दुसऱ्या काही चुका लहान आहेत, पण त्याही दुरुस्त व्हायला हव्यात. 'अमेरिकेची खेळणी' असे लिहिलेल्या फळीवर लेगोचे ठोकळे आहेत, ते डेन्मार्कचे. रंगीत घन आहे, तो हंगेरीच्या एर्नो रुबिकचा. पट्ट्या आणि नट-बोल्टांच्या खेळाला आपल्याकडे सगळेच मेकॅनो म्हणतात, आणि पाटीवर त्याचा जनक म्हणून ए. सी. गिल्बर्ट याचे नाव आहे. मेकॅनो इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने काढला आणि त्याचे पेटंट १९०१ चे आहे. गिल्बर्टने १९१३ मध्ये काढला तो इरेक्टर सेट. रेल्वेच्या विद्युतीकरणासाठी रुळांकडेला उभ्या राहणाऱ्या पोलादी खांबांच्या जाळ्या पाहून त्याला ती कल्पना सुचली. हा गिल्बर्ट १९०८ च्या ऑलिम्पिकमध्ये बांबूउडीत सुवर्णपदक मिळवलेला खेळाडू होता, ही माहिती मात्र पाटीवर बरोबर आहे. शकुंतला या आमच्या भागातल्या अरुंद रुळांच्या रेल्वेचे रूळ पाहतच मोठ्या झालेल्या आमच्या मुलांनी त्या पट्ट्यांचा सर्वांत आधी रेल्वेपूलच केला. संचात चार नट कमी निघाले. दुसऱ्या फेरीत ते विनातक्रार मिळाले.

बार्बीच्या पाटीवर रूथ हँडलर, १९५९ आणि मुलगी बार्बरा हिच्यावरून पडलेले नाव एवढाच मजकूर आहे. बिल्ड लिली या जर्मन बाहुलीवरून तिने तो नमुना घेतला, हे एक वाक्य वाढवायला हरकत नाही. प्ले-डो या मुलांच्या रंगीत मळण्याच्या लगद्याच्या पाटीविषयी तक्रार नाही. कोळशाच्या शेगड्यांनी काळवंडलेला भिंतीवरचा कागद पुसण्यासाठी सिनसिनाटीत तयार होणारा लगदा, घरे गॅसने तापवली जाऊ लागल्यावर खपेनासा झाला, आणि के झुफॉल या बालवाडीच्या शिक्षिकेने तोच लगदा मुलांच्या हाती देऊन कारखान्याला नवा रस्ता दाखवला, ही हकिकत त्या पाटीने नीट सांगितली आहे. दुकानात मिळणारा त्याचा देशी नमुना आठ दिवसांत वाळतो. पोळ्याचे बैल करायला आमची नाल्याकाठची काळी मातीच चांगली.

धुळवडीच्या आधी दुकानात दाबाच्या पिचकाऱ्या येतात, आणि त्यांच्यावरची पाटी मला सगळ्यांत आवडली. लॉनी जॉन्सन हा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात वाढलेला कृष्णवर्णीय मुलगा. १९६८ साली, वर्णभेदाच्या जखमा ओल्या असताना, भंगारातल्या वस्तूंपासून केलेला, दाबाच्या हवेवर चालणारा यंत्रमानव घेऊन तो अलाबामा विद्यापीठातल्या विज्ञान प्रदर्शनाला गेला. तिथे तो एकटाच कृष्णवर्णीय स्पर्धक होता, आणि पहिले बक्षीस त्यालाच मिळाले. पुढे तो अभियंता झाला आणि गुरू ग्रहाकडे गेलेल्या गॅलिलिओ यानाच्या कामावरही होता. १९८२ मध्ये तो घरी फ्रेऑन या थंडाव्याच्या यंत्रांतल्या वायूऐवजी पाण्यावर चालणाऱ्या उष्णता-पंपाचा प्रयोग करत होता. नळाला जोडलेल्या तोटीतून पाण्याची जोरदार धार न्हाणीघराच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि त्याला खेळणे सुचले. ते बाजारात यायला १९९० साल उजाडले, आणि १९९१ पासून ते सुपर सोकर या नावाने विकले जाऊ लागले.

साध्या पिचकारीत आपण दट्ट्याने पाणीच ढकलतो, त्यामुळे हाताचा जोर संपला की धारही संपते. जॉन्सनच्या पिचकारीत पंप मारून आधी हवा दाबून भरतात, आणि घोडा ओढला की ती साठवलेली हवा पाण्याला बाहेर लोटते. हे मी समजावू लागताच दुसरीतला एक मुलगा म्हणाला, "सर, हा तं बाबाचा फवारणीचा पंप हाये." त्याने एका वाक्यात सांगितले ते अगदी खरे होते: पाठीवरच्या पंपाचा दांडा हलवून आत दाब साठवायचा आणि नळीच्या टोकाने फवारा सोडायचा, हेच तत्त्व. मी त्याच वेळी सगळ्यांना बजावले की घरचा फवारणीचा पंप कितीही धुतला तरी त्याला खेळायला हात लावायचा नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवरच्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतमजूर दगावले. त्या दिवसांची आठवण गावात ताजी आहे. दाबाचे तत्त्व मुलांनी स्वच्छ पाण्याच्या पिचकारीतून शिकावे, यासाठी दोनशे चाळीस रुपये मला जास्त वाटले नाहीत. पिचकारीचा पंप एका हंगामानंतर सैल पडला. आतली रबरी चकती गावातल्या पंप दुरुस्त करणाऱ्याकडून दहा रुपयांत बदलून मिळाली.

व्यवहाराविषयी थोडे लिहितो. दुकान सकाळी दहा ते रात्री आठ उघडे असते. पक्के बिल मागितले तर मिळते, त्यामुळे शाळेच्या अनुदानातून खरेदी करता येते. पाचशे रुपये ठेव ठेवली तर मोठी खेळणी आठवड्याला चाळीस रुपये भाड्याने मिळतात, आणि आमच्यासारख्या लहान शाळेला ही सोय विकत घेण्यापेक्षा परवडते. माझी गंभीर तक्रार एकच आहे. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. या दुकानातल्या खालच्या फळीवरच्या स्वस्त प्लॅस्टिकच्या काही गाड्यांवर आणि भिंगऱ्यांवर ते मला दिसले नाही. तोंडात वस्तू घालणाऱ्या वयाच्या मुलांसाठी तिथून काही घेऊ नये, आणि दुकानानेही तो माल ठेवू नये, असे मी ताईंना सांगितले आहे. पुढच्या वेळी गेलो तेव्हा निम्मा माल हललेला होता, निम्मा तिथेच होता.

संक्रांतीनंतर मी अकरा मुलांना घेऊन गेलो, तेव्हा व्यापाराच्या फळीखाली नवी पाटी लागलेली होती. तीच निळी शाई, तेच वळण. पहिल्या ओळीत 'लिझी मॅगी, १९०४' असे मोठ्या अक्षरांत होते आणि डॅरोचे नाव चौथ्या ओळीत गेले होते. धांड्याच्या बंडीविषयी बोलणाऱ्या त्या मुलीने ती पाटी मोठ्याने वाचली, मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आबाने केलेली बंडी काढून टिंकरटॉयच्या फळीवर ठेवली. ताईंनी तिला आबाचे पूर्ण नाव आणि गाव विचारले आणि पाटीसाठी कोरा पुठ्ठा कापायला घेतला.